रे, कोमल ग, सा, नी

घरात किंवा वाडीच्या भजनी मंडळात बाजाची पेटी असेल तर आधी एवढं करा. पांढरी एकला सा धरा. मग पांढरी दोन, काळी दोन, पांढरी एक आणि खालच्या सप्तकातली पांढरी सात, या चार पट्ट्या याच क्रमाने सावकाश वाजवा. रे, कोमल ग, सा आणि मंद्रातला शुद्ध नी. पिलू किंवा पटदीप कानात असलेल्याला या सुरांत परकं काही वाटणार नाही. फक्त शेवटी नी वर थांबल्यामुळे जीव टांगणीला लागतो. पुन्हा सा वर यावंसं वाटतं आणि येता येत नाही.

या चार सुरांत एका माणसाची सही आहे. जर्मन पद्धतीत सुरांना अक्षरांची नावं आहेत. आपण पांढरी एकचा सा धरला, तर रे म्हणजे डी, कोमल ग म्हणजे एस, सा म्हणजे सी आणि शुद्ध नी म्हणजे एच. डी हे नावाचं पहिलं अक्षर. आडनाव जर्मन वळणाने लिहिलं की त्याची सुरुवात होते एस, सी, एच या तीन अक्षरांनी. दिमित्री शोस्ताकोविच. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, २५ सप्टेंबर १९०६. मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला आणि त्याच वर्षी शोस्ताकोविचची दहावी सिंफनी पुरी झाली. तिच्या तिसऱ्या भागात ही सही चोरपावलांनी येते. चौथ्या भागात ती अख्खा वाद्यवृंद ओरडून सांगतो आणि शेवटी नगाऱ्यांवरही तीच बडवली जाते. ज्याच्यावर वर्षानुवर्षं पाळत होती, ज्याला भाषणंही दुसऱ्यांनी लिहिलेली वाचून दाखवावी लागली, तो माणूस स्टालिन गेल्यावर भर सभागृहात आपलं नाव घेतो आणि घेताना तोंडातून एक शब्द काढत नाही.

याच तिसऱ्या भागात हॉर्न नावाचं पितळी वाद्य एक हाक घालतं: ग, ध, ग, रे, ध. एकदा नाही, बारा वेळा. मध्ये कितीही गलबला होवो, हाक बदलत नाही. ही हाक कुणाला, हे कितीतरी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. बाकूची पियानोवादक आणि संगीतकार एलमीरा नझीरोवा ही त्याची विद्यार्थिनी. तिला लिहिलेली त्याची पत्रं पुढे आली तेव्हा उलगडा झाला. काही अक्षरं अक्षरपद्धतीतली आणि काही तिकडच्या सारेगमातली, अशी मिसळ करून त्याने तिचं नाव सुरांत लिहिलं होतं. ई, ला, मी, रे, आ. एकाच भागात तिचं नाव आणि स्वतःचं. पेटीवर दोन्ही वाजवून बघा. पाच आणि चार मिळून नऊ सूर आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ, त्याच्या सिंफन्यांच्या ध्वनिमुद्रणांकडे. शोस्ताकोविचने पंधरा सिंफन्या लिहिल्या. पहिली त्याच्या परीक्षेचं काम म्हणून लिहिलेली, १२ मे १९२६ ला लेनिनग्राडमध्ये वाजली, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. शेवटची ८ जानेवारी १९७२ ची, तिचं संचालन त्याच्या मुलाने, मक्सीमने केलं. या पंधरांची इतकी ध्वनिमुद्रणं झाली आहेत की ती जमवणारे, ताडून पाहणारे आणि त्यांवरून हमरीतुमरीवर येणारे लोक जगभर आहेत. बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. सूर कागदावर छापलेले, एकही बदलायचा नाही, मग एकच सिंफनी वीस जणांकडून का ऐकायची?

आधी आपला पोवाडा घेऊ. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची आणि शेलारमामांची समाधी आहे. तानाजींवरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली छापलेल्या संग्रहात सापडतो. (हा ॲकवर्थ म्हणजे मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला त्याचंच नाव आहे.) पण छापले गेले ते शब्द. डफावर थाप कुठे मारायची, झिलकऱ्यांनी सूर किती ओढायचा, कुठे गाणं सोडून बोलण्यावर यायचं, हे पुस्तकात नाही. ते शाहिराच्या गळ्यात आणि हातात असतं. म्हणून एकच पोवाडा दोघांकडून ऐकला की दोन पोवाडे होतात आणि आपल्याला त्याचं नवल वाटत नाही.

सिंफनीत मात्र सगळं लिहिलेलं असतं. ऐंशी-शंभर वादक, प्रत्येकापुढे त्याच्या वाद्यापुरता कागद, आणि संचालकापुढे सगळ्यांचा मिळून जाडजूड ग्रंथ. कोणी कधी सुरू करायचं, किती हळू, किती जोरात, मिनिटाला किती ठोके, सगळं नोंदलेलं. आयत्या वेळी सुचलेलं इथे काही चालत नाही. संचालक स्वतः एकही सूर काढत नाही. तरीही दोन संचालकांची एकच सिंफनी ऐकली, तर एकीत माणूस विजयी होतो आणि दुसरीत त्याच सुरांवर तोच माणूस चिरडला जातो. मला या सगळ्या प्रकरणात थक्क करणारी गोष्ट ती हीच. पाचव्या सिंफनीचा शेवट घ्या, म्हणजे डोळ्यांपुढे येईल.

आधी पार्श्वभूमी. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन शोस्ताकोविचची ऑपेरा बघायला गेला आणि अर्ध्यातून उठून निघून गेला. दोन दिवसांनी, २८ जानेवारीला, 'प्रावदा'त निनावी लेख आला की हे संगीत नव्हे, गोंगाट आहे, आणि हा खेळ फार वाईट थराला जाऊ शकतो. त्या काळात अशा वाक्याचा अर्थ काय ते सांगायला नको. पुढच्या वर्षी जूनमध्ये शोस्ताकोविचचा पाठीराखा मार्शल तुखाचेव्स्की गोळी घालून मारला गेला. चौथी सिंफनी तालमीपर्यंत पोचली होती, ती शोस्ताकोविचने मागे घेतली. तिचा पहिला प्रयोग व्हायला ३० डिसेंबर १९६१ उजाडला. मधल्या युद्धात मूळ प्रत हरवली, तेव्हा वादकांच्या सुट्या कागदांवरून ती पुन्हा जुळवावी लागली.

अशा माणसाने २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडमध्ये पाचवी सिंफनी लोकांपुढे आणली. संचालक होता येवगेनी म्राविन्स्की, वय चौतीस. तिसऱ्या, संथ भागात लोक उघड रडले. शेवट झाल्यावर टाळ्या अर्धा तास थांबेनात. सरकार खूश झालं: रचनाकार सुधारला, शेवट कसा आनंदी केलाय बघा!

आनंदी? तो शेवट जवळून पाहू. सिंफनी पांढरी दोनच्या सा मध्ये येऊन ठेपते. पितळी वाद्यं विजयाची धून लावतात, नगारे पंचम-षड्ज, पंचम-षड्ज असे घणाघात करतात आणि वरच्या पट्टीत व्हायोलिनं आणि बासऱ्या एकच सूर धरून बसतात, पंचम. पंचम, पंचम, पंचम, अडीचशेच्या आसपास वेळा, दुसरं काही नाही. तंबोऱ्यात आपल्याला आधार देणारा हा सूर इथे डोक्यात खिळा ठोकतो.

आता गंमत लयीची. छापील आवृत्तीत या शेवटाला वेगाचा आकडा आहे, पण दोन आवृत्त्यांत तो सारखा नाही. एकीत ज्या स्वराला मिनिटाला १८८ ठोके सांगितले आहेत, दुसरीत त्याच्या निम्म्या लांबीच्या स्वराला १८४ आहेत. म्हणजे दुसरीचा वेग पहिलीच्या जवळपास निम्मा. तबला शिकलेल्या पोराला एका शब्दात सांगता येईल, पहिलीत दुगुन आहे आणि दुसरीत ठाय. यातली छापखान्याची चूक कुठली यावर विद्वान अजून भांडतायत. पण संचालकाला तर उभं राहून हात हलवायचाच असतो. त्याला एक बाजू घ्यावीच लागते.

लेनर्ड बर्नस्टाइनने दुगुन घेतली. १९५९ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक रशियाच्या दौऱ्यावर गेलं. मॉस्कोत पाचवी वाजली तेव्हा शोस्ताकोविच सभागृहात होता आणि नंतर मंचावर येऊन त्याने बर्नस्टाइनचं अभिनंदन केलं. परतल्यावर त्याच ऑक्टोबरात बोस्टनमध्ये त्यांनी ती ध्वनिमुद्रित केली. शेवट असा उधळत येतो की खुर्चीतून उठावंसं वाटतं. अडीचशे पंचम दिवाळीच्या माळेसारखे तडतडून जातात.

रस्त्रोपोविचने ठाय घेतली. हा चेलोवादक शोस्ताकोविचचा विद्यार्थी आणि जिवलग. त्याने १९७४ मध्ये देश सोडला, १९७८ मध्ये त्याचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनीबरोबरचं त्याचं १९८२ चं ध्वनिमुद्रण ऐका. तीच विजयाची धून, तेच नगारे, पण प्रत्येक पंचम सुटा ऐकू येतो. मिनिटभरात कळून चुकतं की इथे कुणालातरी बदडून 'आनंदी हो' म्हणून सांगितलं जातंय. म्राविन्स्की या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे, घाई नाही आणि रडारडही नाही, चेहरा दगडाचा. त्या देशात राहून पन्नास वर्षं एकाच वाद्यवृंदाचं संचालन करायचं तर चेहरा तसाच ठेवावा लागत असेल.

मला विचाराल तर शेवट सावकाशच हवा. पण बर्नस्टाइनचं ध्वनिमुद्रण काही हातातून सुटत नाही. आणि रचनाकाराने त्याचंच अभिनंदन केलं होतं, हे सावकाशवाल्यांनी विसरू नये.

यानंतर सातवी. तिला लेनिनग्राड सिंफनी म्हणतात आणि तिच्यासाठी तारखा लक्षात ठेवाव्या लागतात. २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला, सप्टेंबरात लेनिनग्राडला वेढा पडला. शोस्ताकोविच शहरातच होता, संगीत विद्यालयाच्या छपरावर आग विझवणाऱ्या पथकात. पहिले तीन भाग त्याने वेढ्यात लिहिले. मग त्याला विमानाने बाहेर काढलं गेलं आणि डिसेंबरात कुइबिशेव्हला सिंफनी पुरी झाली. तिथेच ५ मार्च १९४२ ला पहिला प्रयोग झाला. संहितेची मायक्रोफिल्म करून ती तेहरान आणि कैरोमार्गे अमेरिकेला पोचवली गेली. अमेरिकेत पहिल्यांदा कोण वाजवणार यावरून तोस्कानिनी आणि स्तोकोव्स्की या दोन संचालकांत जुंपली. तोस्कानिनी जिंकला आणि १९ जुलै १९४२ ला त्याने ती रेडिओवरून देशभर ऐकवली. त्याच आठवड्यात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर शोस्ताकोविच होता, डोक्यावर आगवाल्याचं शिरस्त्राण घातलेला.

पहिल्या भागात एक लहान ढोल अगदी हलक्या हाताने ठेका धरतो. शिमग्यात पालखीबरोबरचा खालूबाजा दुरून येताना आधी ठेकाच ऐकू येतो, सूर मागाहून, तसंच हे. त्यावर एक थिल्लर, शीळ घालण्याजोगी चाल येते. तिच्या एका तुकड्यात 'मेरी विडो' या ऑपेरेटातल्या गाण्याची सावली आहे, आणि तो हिटलरचा आवडता खेळ. ही चाल बारा वेळा येते. चालीत बदल नाही, फक्त वाद्यं वाढत जातात, आवाज चढत जातो, ढोल थांबत नाही. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत आपण मान डोलावत असतो. नवव्या-दहाव्या फेरीला मान डोलवल्याची लाज वाटू लागते. कुठल्या फेरीला ते उलटलं, हे नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणात ती जागा वेगळी आहे. ज्यांना हे सगळं भडक वाटतं असे जाणकारही आहेत. हंगेरीच्या बार्तोकने १९४३ मध्ये आपल्या रचनेत या चालीची चक्क टिंगल केली. त्याचं म्हणणं समजतं, पण मला पटत नाही.

खुद्द लेनिनग्राडमध्ये ती वाजायची होती. म्राविन्स्कीचा वाद्यवृंद आधीच सैबेरियात हलवला होता. मागे उरला होता रेडिओचा वाद्यवृंद, संचालक कार्ल एलियासबर्ग. पहिल्या तालमीला जेमतेम पंधरा जण आले. बाकीचे उपासमारीने गेले होते, किंवा त्यांच्यात चालायचं त्राण नव्हतं. तुतारी फुंकायला छातीत दम लागतो आणि दमासाठी पोटात भाकरी. वादकांना जादा शिधा मिळाला, सैन्याच्या बँडांतून माणसं मागवली. ढोल वाजवणारा ऐदारोव मेला म्हणून प्रेतागारात ठेवला होता, एलियासबर्गने जाऊन बघितलं तर बोटं हलत होती, असंही सांगतात. ठरल्या संध्याकाळी सोव्हिएत तोफांनी आधी जर्मन मोर्चांवर मारा केला, म्हणजे मैफलीच्या वेळी तिकडून तोफा उडू नयेत. मग सिंफनी सुरू झाली. शहरभरच्या कर्ण्यांवरून ती वाजली, वेढा घालून बसलेल्यांनाही ऐकवली.

ती तारीख ९ ऑगस्ट १९४२.

मराठी वाचकाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. त्याच पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली, त्या दिवशी गवालिया टँकवर झेंडा फडकला. महिनाभराने, १० सप्टेंबरला, नानासाहेब पुरोहितांच्या पुढारपणाखाली महाडच्या तहसील कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि महाडने आपली माणसं गमावली. जगाच्या एका टोकाला लोक ज्या साम्राज्याला 'चले जाव' म्हणत होते, दुसऱ्या टोकाला तेच साम्राज्य लेनिनग्राडचं दोस्त होतं. आपल्याकडच्या कम्युनिस्टांनी त्या दोस्तीपायी बेचाळीसच्या आंदोलनाला विरोध केला, आणि तो डाग त्यांना पुढे कित्येक वर्षं धुता आला नाही. पण त्याच भूमिकेतून मराठीला एक अजब चीज मिळाली. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला. व्होल्गाकाठच्या लढाईसाठी सह्याद्रीकडचा डफ! शोस्ताकोविचने लेनिनग्राड शंभर वाद्यांत मांडलं, अण्णाभाऊंनी स्टालिनग्राड एका डफावर आणि कोरसवर. अण्णाभाऊ १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, प्रवासवर्णनही लिहिलं. मॉस्कोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसला. ज्याने हा पवाडा आणि सातवी एकापाठोपाठ ऐकली असेल असा माणूस भेटला तर मला त्याच्याशी बोलायला आवडेल.

सातवीची ध्वनिमुद्रणं. तोस्कानिनीचं १९ जुलैचं प्रसारण आजही मिळतं. आवाज कोरडा, खरखर भरपूर, पण वाजवणाऱ्यांना युद्धाचा निकाल माहीत नव्हता, आणि ते ऐकू येतं. सव्वा तासाच्या आत तो आटोपतो. बर्नस्टाइनने १९८८ मध्ये शिकागो सिंफनीबरोबर तीच दीड तासाच्या जवळ नेली. पितळी वाद्यांचा असा मारा मी दुसरीकडे ऐकलेला नाही. आणि एलियासबर्ग? वेढा उठल्याला वीस वर्षं झाली तेव्हा, २७ जानेवारी १९६४ ला, हयात असलेल्या जुन्या वादकांना गोळा करून त्याने सातवी पुन्हा वाजवली, शोस्ताकोविच समोर बसलेला. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे. वादन म्हणून ते शिकागोच्या पासंगालाही पुरत नाही. तरी ऐकाच.

सातवी नवी होती त्या काळच्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायची. आपल्या गवयांनी त्याहून थोडक्यात अख्खा राग मांडायची विद्या साधली. सिंफनीवाल्यांना ती सोय नव्हती, त्यांना रचनेचे तुकडे करावे लागत. पाचवी ऐकायची तर दर चार मिनिटांनी उठून तबकडी उलटायची. रडणाऱ्या तिसऱ्या भागाच्या मध्यावर सुई उचलून पुन्हा चावी द्यायची, म्हणजे बघा.

तंत्राने घातलेल्या घोळाचा आणखी एक नमुना आठव्या सिंफनीत आहे. आठवी १९४३ ची, म्राविन्स्कीला अर्पण केलेली, आणि त्याचं १९८२ चं लेनिनग्राडमधलं मैफलीचं ध्वनिमुद्रण पुष्कळांच्या मते सर्वोत्तम. पण फिलिप्स कंपनीने ते जेव्हा सीडीवर काढलं तेव्हा फीत जरा वेगात चालली. वेग वाढला की सूर चढतो. लोक म्हणत राहिले, काय जोश आहे म्हाताऱ्यात! थोडा जोश यंत्राचा होता. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी सूर खाली आणून ते नीट काढलं. तुमच्यापाशी कुठलं आलंय हे पेटीवर तपासता येतं. आठवी सुरू होताना खालची तंतुवाद्यं सा, कोमल नी, सा अशी सुरुवात करतात, आणि तो सा पांढरी एकचा आहे. पेटी ठीक लावलेली असेल आणि रेकॉर्डमधला सा पांढरी एकच्या वर कुठेतरी लटकत असेल, तर तुमच्याकडे चढलेली प्रत आहे.

तेरावीचं ध्वनिमुद्रण मात्र नुसतं संगीत म्हणून ऐकायचं नाही, तो पुरावा आहे. कीव्हजवळच्या बाबी यार दरीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत नाझींनी ३३,७७१ ज्यूंना मारलं. येव्तुशेंकोने त्यावर कविता लिहिली, आपल्याच देशातल्या ज्यूद्वेषाबद्दलही बोलला. शोस्ताकोविचने ती जाड, खर्जातल्या पुरुष आवाजांसाठी बांधली. म्राविन्स्कीने या वेळी अंग काढून घेतलं, आणि हे शोस्ताकोविचला लागलं. किरिल कोंद्राशिन उभा राहिला. १८ डिसेंबर १९६२ च्या पहिल्या प्रयोगाला ठरलेला गायक आयत्या वेळी आला नाही, राखीव ठेवलेल्या ग्रोमाद्स्कीने गायलं. नंतर दबाव आला आणि कवीने काही ओळी बदलल्या. पण २० डिसेंबरचा दुसरा प्रयोग ध्वनिमुद्रित झालेला आहे आणि त्यात मूळ ओळी आहेत. छापील शब्द बदलले, फितीवरचे राहिले. कोंद्राशिनने सगळ्या पंधरा सिंफन्या सर्वांत आधी ध्वनिमुद्रित केल्या, १९७८ च्या अखेरीस हॉलंडला आश्रय घेतला आणि १९८१ मध्ये तो वारला. त्याच्याकडे वेग आहे, धार आहे, मेलोदिया कंपनीच्या त्या मुद्रणांत तुतारी कधी कधी कानात घुसते. मला ती घुसलेली आवडते.

बाकीच्यांना या लेखात जागा नाही. दहावीचं एक सांगून टाकतो. कारायानने पंधरांपैकी फक्त हीच ध्वनिमुद्रित केली, १९६६ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये. १९६९ साली बर्लिनचा वाद्यवृंद घेऊन तो मॉस्कोत गेला, शोस्ताकोविचसमोर हीच वाजवली. जर्मन वाद्यवृंद, युद्ध संपून चोवीस वर्षं, आणि सही जर्मन अक्षरांतली. दुसरी आणि तिसरी मी कुणाला ऐकायला सांगत नाही, पंचवीस वर्षांच्या आतल्या मुलाने क्रांतीसाठी केलेली घोषणाबाजी आहे. बारावीही टाळली तर बिघडत नाही. पंधरावी मात्र सगळं ऐकून झाल्यावर, तिचा शेवट घड्याळाच्या आत बसून ऐकल्यासारखा आहे, टिकटिक आणि टकटक.

ऐकायचं कसं, हे महाड-पोलादपूरकरांना सांगायला हवं, कारण आपल्याकडची अडचण वेगळी आहे. या संगीतातला हळू आवाज फारच हळू असतो आणि मोठा फारच मोठा. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस कोसळत असताना सातवीचा ढोल ऐकायचा नाद सोडा. तुम्ही आवाज वाढवत जाल आणि दहाव्या फेरीला शेजारी दार ठोठावतील. दिवाळीनंतर ऐका, रात्री, कानात इअरफोन घालून. मोबाइलच्या कर्ण्यावर तर मुळीच नको, खर्ज त्यातून येतच नाही आणि शोस्ताकोविचचं निम्मं बोलणं खर्जात आहे. मंच बघायची हौस असेल तर मुंबईच्या एनसीपीएत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांच्या मैफली मुख्यतः फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात होतात. महाडहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, रात्रीच्या परतीची सोय आधी बघून ठेवा.

आणि सुरुवात सगळ्या पंधरांपासून करू नका. पाचवीचा फक्त चौथा भाग घ्या. आधी बर्नस्टाइन १९५९, लगेच रस्त्रोपोविच १९८२. दोन्ही मिळून वीस-बावीस मिनिटं लागतात, दोन्ही फुकट ऐकायला मिळतात. शेवटचे पंचम सुरू झाले की बोटाने मात्रा धरा. दोघांपैकी कोण खरं बोलतोय ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि ठरवल्यावर म्राविन्स्की ऐका.